काठी द्यावी, कहाणी देऊ नये

आमच्या घरमालकांच्या घराला गंगेकडे तीन खिडक्या होत्या आणि तिन्ही बारा महिने बंद असत. काशीत, ब्रह्मा घाटावर राहून गंगेकडची खिडकी बंद ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कारण विचारलं की म्हणत, "रोज बघून बघून बेकार होते ती. पाहुणे आले की उघडतो, तेव्हा मलाही बघायला मिळते." आणि पाहुणा आला की खरंच उठून कडी काढत, त्याच्या मागे उभे राहत, आणि पाहुण्याचं बघून झालं तरी यांचं झालेलं नसे.

गल्ली त्यांना मास्टर साहब म्हणायची, आम्ही मास्तर. एका इंटर कॉलेजात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि स्वतः मात्र मुगलसरायच्या पुढे फारसे गेले नाहीत. नकाशा चांगला असला की प्रवासाची गरज उरत नाही, असं त्यांचं मत होतं. पत्नी फार पूर्वी वारली होती, मुलगी इंदूरला दिलेली. वरच्या मजल्यावर ते एकटे, खालच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको. होळीपर्यंत अंगात एकच तपकिरी स्वेटर. शेजाऱ्यांशी ते बनारसी हिंदीत बोलत, आमच्याशी मराठीत, आणि गच्चीवर येणाऱ्या माकडांशीही मराठीतच. म्हणत, "हिंदीत शिव्या दिल्या तर त्यांना समजतात. मनाला लावून घेतात आणि मग वाळत घातलेले कपडे फाडतात."

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. म्हणजे मी सांगणारच, तोच माझा रोग आहे. मी विद्यापीठाच्या हिशेब विभागात नोकरी करतो. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. शेजारी कुणी शिंकलं तरी खिडकी मी उघडी ठेवली होती का, हे मी आठवू लागतो. पन्नाशी उलटल्यावर हे ओझं इतकं वाढलं की साठवलेली सगळी रजा काढून मी नर्मदेची पायी परिक्रमा करायचं ठरवलं. पापक्षालन करायचं होतं. कुठल्या पापाचं, ते वाटेत ठरवू म्हटलं.

कार्तिकात निघालो आणि चैत्रात परत आलो. जाताना पाठीवर एक पिशवी होती. येताना स्टेशनवर हमाल करावा लागला. परिक्रमाभर हातात असलेला बांबूचा दंड, कमंडलू, झिजून कागद झालेले बूट, पांढरी धोतरं, कुठल्या कुठल्या आश्रमातल्या माळा, नर्मदेच्या पाण्याची बाटली, मोराची पिसं आणि गोटे, म्हणजे परिक्रमावासीयांच्या भाषेत एकेक शंकरच. गोटे तर इतके, की सामान उतरवताना हमाल म्हणाला, "बाबूजी, मकान बनवा रहे हैं का?"

हे सगळं मी मागच्या खोलीत खिडकीखाली मांडलं. खाली पांढरं कापड, वर दिवा. कुणी भेटायला आलं की त्याला आधी तिथं नेत असे आणि एकेक वस्तू उचलून तिची हकिकत सांगत असे. ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. बायको दारात उभी राहून दुसरा चहा आणू का, एवढंच विचारायची. मला वाटायचं, तीही ऐकतेय.

मास्तर मात्र पहिल्या दिवशी आले, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "दुकान चांगलं लावलंय तुम्ही. बोहनी झाली का?"

मी हसलो, पण लागलं. मी त्यांना पाण्याची बाटली दाखवली. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत जिथं जिथं थांबलो, तिथलं थोडं थोडं पाणी तिच्यात होतं.

"माझी लेक इंदूरला असते," मास्तर म्हणाले. "तिथं नळाला नर्मदाच येते. ती तिच्यात भांडी घासते."

हे खरं आहे हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच लागलं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी जाण्याआधी मास्तर माझ्या बायकोला 'अहो वहिनी' म्हणत. मी परतलो तेव्हा ते तिला 'पोरी' म्हणू लागले होते. मी अजून 'तुम्ही'च होतो. म्हातारपणी माणसं बायकांशी मऊ होतात, असा निष्कर्ष काढून मी बाटली पुन्हा कापडावर ठेवली.

वैशाखात अडचण उभी राहिली. माझ्या सासूबाई अमरावतीला घरातच पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. मेहुण्याची बदली झालेली, त्यामुळे त्यांनी आमच्याकडे यायचं ठरलं. त्यांची खाट मागच्या खोलीतच लागणार होती, दुसरी जागाच नव्हती. बायको म्हणाली, "आई येईपर्यंत खिडकीखालचं सगळं हलवा."

"कुठं हलवू?"

"ते तुम्ही बघा. पाच महिने घर सोडून गेलात, तेव्हा मी नव्हतं विचारलं कुठं म्हणून."

मी दोन दिवस विचार केला. फेकणं शक्य नव्हतं, कारण एकेक गोटा मला नावानं माहीत होता. गंगेत सोडावं तर ती लोकांची श्रद्धा वाहून वाहून आधीच काळी पडलेली. देवळात द्यावं तर पुजारी म्हणाले, आमच्याकडे आधीच खूप झालंय. शेवटी मी वर मास्तरांकडे गेलो आणि जन्मातली सगळ्यात मोठी समस्या असल्यासारखं त्यांच्यापुढे मांडलं.

मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "गडू माहीत आहे ना? गंगेचा?"

माहीत होता. जुन्या काळी दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंना मास्तरांच्या घराण्यातली माणसं उतरवून घेत, आणि परतताना तांब्याच्या छोट्या गडूत गंगा भरून, तोंड कथलानं झाळून देत. ते गडू गावोगाव देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत. शेवटच्या घटकेला दोन थेंब तोंडात घालायला.

"मी तरुणपणी एकदाच दक्षिणेत गेलो," मास्तर म्हणाले. "साताऱ्याकडं. जुने यजमान होते आमचे. त्यांचे म्हातारे अगदी शेवटाला आलेले. देवघरात माझ्या आजोबांनी झाळून दिलेला गडू. रोज फूल, रोज गंध. मला म्हणाले, तुमच्याच घरचा आहे, तुम्हीच फोडा. मी फोडला. आत काही नाही. सील शाबूत, गंगा गायब."

"मग?"

"मग काय. त्यांच्या सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिनं गडू आत नेला, नळाचं पाणी भरून आणलं. म्हातारे ते पिऊन गेले. चांगले शांतपणे गेले." त्यांनी डोळे उघडले. "भाई, ठेवलेली वस्तू आतून उडून जाते. तुमच्या कापडावरचं सगळं उडून चाललंय. वापरणाऱ्याच्या हातात द्या ते."

मला हे पटलं. मी म्हटलं, देतो, लायक माणसं शोधतो, त्यांना प्रत्येक वस्तूचं महत्त्व नीट समजावून—

"ते नाही," मास्तर म्हणाले. "तीच अट आहे. काठी द्यायची, कहाणी द्यायची नाही. ज्याला गरज आहे त्याला द्या, आणि ती कुठून आली, कुठं कुठं फिरली, यातलं एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलं, की दिलेली वस्तू परत तुमची झाली."

 मग परिक्रमा करून मी मिळवलं काय?

तरी सुरुवात केली. बुटांचं काम आपोआप झालं. गच्चीवर उन्हात ठेवले होते, माकडानं एक पळवला आणि समोरच्या कळसावर बसून चावला. मास्तर खालून मराठीत त्याला म्हणाले, "शाबास. यांना गोष्ट नाही विचारलीस तू." दुसरा बूट मी मुकाट्यानं कचऱ्यात टाकला.

गोटे दशाश्वमेधाच्या पुढे, मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रं मांडून बसणाऱ्या माणसाला दिले. नदीवरून वारा सुटला की त्याची पानं उडायची. त्यानं एकेका गठ्ठ्यावर एकेक शंकर ठेवून दिला आणि "अच्छा पत्थर है" म्हणाला. मी बरं म्हणून निघालो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसची वाट सोडून तिकडूनच गेलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यानं एका गोट्यानं खिळा ठोकलेला पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "जरा संभाल के, भैया."

"काहे?" तो म्हणाला. "पत्थरे न है."

मी जीभ चावली आणि रोज तिकडून जाणं बंद केलं. पाण्याची बाटली मास्तरांनी स्वतः गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पाणपोईच्या मडक्यात ओतली. त्यानंतर पाणी प्यायला जो पहिला माणूस आला, त्यानं खळखळून चूळ भरली आणि नालीत टाकली. मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तहान होती त्याला. तोंड कोरडं होतं. बघा, पोहोचली नर्मदा."

कमंडलू, धोतरं, माळा, पिसंही अशीच ज्याच्या त्याच्या हाती गेली. सगळ्यात अवघड दंड. तो मी हाताळून हाताळून तुकतुकीत केला होता, मधल्या पेरावर माझ्या मुठीची जागा पडली होती. मास्तर म्हणाले, रामनगरला चला, तिकडं गुराढोरांची माणसं आहेत. आम्ही नावेनं पलीकडे गेलो. नावेत मी दंड मांडीवर आडवा धरून बसलो होतो, एखाद्याला पोर दवाखान्यात न्यावं लागावं तसा. रामनगरच्या बाजाराच्या मागे एक म्हातारा म्हशी घेऊन येताना दिसला. त्याच्या हातातली काटकी मोडलेली होती. मास्तरांनी मला कोपर मारलं.

मी पुढे होऊन दंड त्याच्या हातात दिला. म्हातारा खूश झाला. त्यानं बांबू जमिनीवर आपटून पाहिला, वजन तोललं, आणि पुढच्या म्हशीच्या पाठीत एक हाणली.

त्या आवाजानं माझं सगळं संपलं. "बाबा," मी म्हणालो, "ई लाठी नर्मदा मैया की पूरी परिक्रमा कइले बा।" माझी भोजपुरी भावनेच्या भरात आपोआप सुधारते.

मास्तर मोठ्यानं खोकले. उशीर झाला होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची खुशी गेली. त्यानं दंड दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला, मग माझ्यापुढे धरला. "तब हम ना लेब, बाबू. एह से भइंस हाँकब त पाप लागी." मोडकी काटकी उचलून तो म्हशींच्या मागे गेला.

 परतीच्या नावेत, घाट जवळ आल्यावर मास्तर म्हणाले, "पाप माणसाला लागतं, मला माहीत होतं. पण तुम्ही ते म्हशीपर्यंत पोहोचवलंत."

सासूबाई आल्या तेव्हा खिडकीखाली खाट लागलेली होती आणि सामानातला फक्त दंड दाराआड उभा होता. दवाखान्यानं त्यांना चार पायांचा वॉकर दिला होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारला. म्हणाल्या, "ते गाडं नको मले. जनावर खुंट्याले बांधल्यावानी वाटते." मग त्यांची नजर दाराआड गेली. "ते काठी कोनाची हाय?"

"अशीच आहे," मी म्हणालो.

बायकोनं कैऱ्या धुता धुता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"लांब हाय थोडी," सासूबाई म्हणाल्या. "कापून आना न जावईबापू. अन् खाली रबराचं बूच बसवून द्या."

मी दंड घेऊन सुताराकडे गेलो. सुतारानं विचारलं, कुठून कापू. मी सासूबाईंच्या कमरेच्या उंचीचा अंदाज दाखवला. करवत नेमकी माझ्या मुठीच्या जागेच्या खालून गेली. वरचा तुकडा सुतारानं विचारला, नेणार का. मी नको म्हटलं. हे सांगताना मला काही थोर वाटत नव्हतं, हे कबूल करतो. गल्लीच्या वळणापर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं.

दोन दिवसांनी सासूबाई त्या काठीच्या आधारानं पहिल्यांदा दारापर्यंत चालल्या. त्याच वेळी मास्तर जिन्यावरून उतरत होते. सासूबाई दारात थांबल्या, एक हात काठीवर, दुसऱ्या हातानं त्यांनी मास्तरांना नमस्कार केला.

"मास्तर, तुमाले भेटायचंच होतं," त्या म्हणाल्या. "तुमी नसते तर माह्या पोरीचं काही खरं नव्हतं. डेंगूत कोनी एवढं करत नाही हो. सख्खा बापही दवाखान्यात एवढे दिवस बसत नाही."

मी मागे मोरीपाशी तांब्या घेऊन उभा होतो. मास्तरांनी सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग आकाशाकडे. "ऊन फार झालंय," ते म्हणाले. "आज बाजारात परवर बघतो मिळतात का." आणि पिशवी न घेताच निघून गेले.

मी त्यांच्या परतण्याची वाट बघत जिन्यावर बसून राहिलो. ते आले. हातात परवर नव्हते.

"मास्तर, तुम्ही मला कळवायला हवं होतं."

"काय कळवायचं?"

"मी आलो असतो."

"आला असतात," ते म्हणाले. "परिक्रमा अर्धी सोडून आला असतात, आणि मग जन्मभर तिला ऐकवत बसला असतात, तुझ्यापायी सोडली म्हणून. तीही हेच म्हणाली. तिला ताप होता, अक्कल शाबूत होती."

ते ऐकवणं मला शब्दश: ऐकू आलं. माझ्याच आवाजात.

"बरं. मग परत आल्यावर तरी?"

"परत आल्यावर तुम्ही बोलायचे थांबलात कुठं?" मास्तर कठड्याला धरून एक पायरी वर चढले. "आणि मला कशाला विचारता? ताप मला नव्हता आला. जिला आला होता ती खाली कैऱ्या चिरतेय."

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना इंदूरला घेऊन गेली आणि तिथंच ते वारले. फोनवर ती म्हणाली, बाबा कधी कुठं गेले नाहीत, कुणासाठी काही केलं नाही असं लोकांना वाटतं, तुम्ही ओळखत होतात ना त्यांना. मी हो म्हटलं. पण त्या दुपारी जिन्यावर बसलेला मी त्यांना ओळखत नव्हतो, आणि ज्या बाईशी पंचवीसेक वर्षं संसार केला तिलाही नाही.

त्या दुपारी मी जिन्यावरून उठून आत गेलो. सासूबाई झोपल्या होत्या. बायको स्वयंपाकघरात विळी घेऊन बसली होती, समोर परातीत कैऱ्यांचा ढीग. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. सवयीनं तिनं विचारलं, "चहा?"

"नको," मी म्हणालो. "डेंग्यू कधी झाला होता तुला?"

तिची विळी थांबली नाही. "तुम्ही झाडीत होता तेव्हा. शूलपाणीच्या. त्या आधी तुमचा फोन आला होता, मोर पाहिले म्हणून. मी बरं म्हटलं. तेव्हा अंगात चांगला ताप होता."

"तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही मोरांचं सांगत होता." तिनं कैरीची कोय बाजूला केली. "दोन दिवसांनी उठताच येईना. मास्तरांनी रिक्षा आणली, गल्लीतून मला धरून नेलं. वॉर्डात नर्सनं विचारलं, मरीज के साथ कौन है. मास्तर म्हणाले, हम, बाप. मला ऐकू येत होतं सगळं. तेव्हापासून पोरी म्हणतात."

आता खरं सांगतो. शूलपाणीच्या झाडीत मलाही ताप आला होता. एका भिल्लाच्या झोपडीत मी दोन दिवस पडून होतो, त्याच्या बायकोनं मला मक्याची पेज पाजली, आणि ती हकिकत मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ती हकिकत जशीच्या तशी माझ्या ओठांवर आली. पहिला शब्दही तयार होता, तो 'मलाही' असा होता. तोंड उघडलेलं तिनं पाहिलं, आणि मी इतकी वर्षं न पाहिलेली एक गोष्ट मला दिसली. तिचा चेहरा ऐकायच्या तयारीला लागला. डोळे शांत झाले, हात आपसूक पुढच्या कैरीकडे गेला.

"मग?" मी म्हणालो. "मग काय झालं?"

तिनं कैरी उचलली नाही. मी खरंच विचारतोय की पुढच्या वाक्याची जागा करतोय, हे तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहत तपासलं. मग विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसली.

"असं नाही समजायचं तुम्हाला," ती म्हणाली. "आधीपासून सांगते. तुम्ही निघालात ना, त्या दिवसापासून."

त्या दिवशी कैऱ्या चिरून झाल्या नाहीत.